छपरावरचा माशाचा काटा

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि त्यावर चित्रकला शिकविण्याची एक परीक्षा. चार कादंबऱ्या लिहिल्या हे खरे, पण पोट चालते ते खडू आणि फळ्यावरच. दर वर्षी शाळा उघडली की पाचवीच्या वर्गाला मी एकच चित्र काढायला लावतो : 'माझे घर'. गेली बावीस-तेवीस वर्षे हा नेम चुकलेला नाही. मुले पत्र्याच्या घरात राहोत की स्लॅबच्या, चित्रात उतरते ते कौलारू घर, मागे दोन डोंगर आणि डोंगरांच्या बेचक्यातून उगवणारा सूर्य. पहिल्या काही वर्षांत या घरांच्या छपरावर हमखास एक उभी रेघ आणि तिच्या माथ्यावर पाच-सहा आडव्या रेघा असत. पुढे त्या विरळ झाल्या आणि त्यांच्या जागी एक वाटोळी परात आली. अलीकडे परातही दिसेनाशी होऊ लागली आहे. यंदा नमुना म्हणून मी फळ्यावर घर काढले आणि हाताच्या सवयीने छपरावर ती जुनी खूण ओढली. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, छपरावर माशाचा काटा कशाला ठेवलाय? मांजर येईल की!"

वर्ग हसला, मीही हसलो. मग मी त्यांना सांगितले, की याला अँटेना म्हणत. हवेतून चित्रे येत आणि या काट्यात सापडत. यावर वर्ग आणखीच हसला. मागच्या बाकावरच्या एकाने विचारले, "फुकट?" मी म्हटले, "फुकट." "आणि रिचार्ज?" "रिचार्ज नव्हता." आता मात्र कुणी हसले नाही. मास्तर थाप मारीत आहेत असा भाव त्या पन्नास डोळ्यांत मला स्पष्ट दिसला. त्या 'फुकट?'नेच हा लेख माझ्याकडून लिहवून घेतला आहे.

आमचे गाव भोर तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढल्याच वर्षी सिंहगडावरचा मनोरा मुंबईचे कार्यक्रम पुणे भागात पसरवू लागला. पण पसरवू लागला म्हणजे सर्वांना मिळू लागला, असे नव्हे. या लहरी उजेडासारख्या सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की पलीकडे त्यांची सावली पडते. आमचे गाव अशा सावलीत होते. आमच्या आबांची पिठाची गिरणी होती. इंजिन, पट्टे, चाके यांत आयुष्य गेलेले, त्यामुळे यंत्राची भीती अशी त्यांना नव्हती. १९८५ साली त्यांनी काळापांढरा संच आणला. छपरावर काटा उभा केला, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. आबा छपरावर, मी दारात आणि आई संचापुढे, असा आमचा तिघांचा संवाद दोन रविवार चालला. "आलं का?" "नाही!" "आता?" "आलं, आलं... गेलं!" अखेर आबांनी तो काटा उचलला आणि घरामागच्या टेकाडाच्या माथ्यावर नेऊन रोवला. तिथून सिंहगडाची दिशा उघडी होती. चपटी वायर टेकाडावरून खाली आणली, मध्ये एक बूस्टर बसविला, आणि त्या संध्याकाळी आमच्या घरात मुंबई बोलू लागली.

वायर येताना तीन घरांवरून येत होती. त्या तिन्ही घरांनी पुढे संच घेतले तेव्हा आबांनी त्यांना तिच्यातूनच फाटे काढून दिले. २५ जानेवारी १९८७ ला रविवारी सकाळी रामायण सुरू झाले, तेव्हा अख्खे गाव त्या चार घरांत वाटून बसले होते. आबांनी कुणाकडून पैसा घेतला नाही. संचासाठी पूर्वी पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत. तेही तोवर बंद झाले होते. एकदा काटा रोवला, की पुढे सारे काम वाऱ्यावर आणि कावळ्यांवर सोपवायचे. कावळा बसला की काटा फिरे, आणि मला टेकाडावर धावावे लागे.

या काट्याचा शोध जपानातला. सेंडाई येथील तोहोकू विद्यापीठात १९२६ साली शिंतारो उदा या तरुण संशोधकाने आपले वरिष्ठ हिदेत्सुगु यागी यांच्याबरोबर तो सिद्ध केला. पुष्कळसे कष्ट उदांचे. पण इंग्रजीत निबंध लिहिला यागींनी, एकस्वही त्यांच्या नावे झाले, म्हणून जग त्याला बरीच वर्षे नुसते यागी म्हणत राहिले. शिष्याच्या कष्टावर गुरूचे नाव, ही गोष्ट मास्तर मंडळींना नवी नाही. गंमत अशी, की या काट्याची महती जपानला उशिरा कळली. १९४२ साली सिंगापूर पडले, तेव्हा जपानी सैन्याला इंग्रजांच्या कागदपत्रांत 'यागी' हा शब्द आढळला. हे काय गौडबंगाल म्हणून त्यांनी एका इंग्रज कैद्याला विचारले, तेव्हा त्याच्याकडून त्यांना कळले की हे तुमच्याच माणसाचे नाव आहे, असे सांगतात.

रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली. आम्ही पोरे समजत असू की जितक्या काड्या तितकी चित्रे सापडणार. वस्तुतः वायर जोडलेली असते ती एकाच काडीला. तिची लांबी येणाऱ्या लहरीच्या लांबीच्या सुमारे निम्मी. साठ मेगाहर्ट्झची लहर पाच मीटर लांब, तर तिच्यासाठी काडी अडीच मीटर, म्हणजे आठ फूट. तिच्या मागे किंचित लांब काडी असते, ती लहर परत पुढे ढकलते. पुढच्या आखूड काड्या लहरीला वाट दाखवून मधल्या काडीकडे आणतात. म्हणजे झेलणारा एक आणि बाकी सारे मदतनीस. एवढ्यासाठी वीज लागत नाही, तेल लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. केंद्राने लहर सोडली की ती सर्वांच्या छपरांवरून सारखीच जाते. ज्याने काटा रोवला त्याची झाली, आणि त्याने घेतली म्हणून शेजाऱ्याची कमी होत नाही. विहिरीच्या पाण्याचेही असे नसते.

हे सारे मी विसरलो होतो. मागल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाचा फोन आला. तो अमेरिकेत पेनसिल्व्हानियात असतो. बोलता बोलता म्हणाला, "मामा, मी केबल काढून टाकली. माळ्यावर अँटेना बसवला. आजोबांचा होता ना टेकाडावर, तसाच." मला वाटले, पोराची नोकरी गेली की काय! पण तसे नव्हते. तिकडे गावोगावची केंद्रे आजही हवेतून फुकट प्रक्षेपण करतात. १२ जून २००९ रोजी तेथील मोठ्या केंद्रांनी जुनी पद्धत सोडून डिजिटल पद्धत घेतली. तेव्हापासून मुंग्या गेल्या, आणि एकेका केंद्राच्या लहरीत दोन-चार वाहिन्या मावू लागल्या. काट्याची वायर तो एका लहानशा पेटीत सोडतो. ती पेटी त्याच्या गैरहजेरीत कार्यक्रम नोंदवून ठेवते, आणि रात्री कामावरून आल्यावर तो ते पाहतो. गावातले वादळाचे इशारे, शाळा बंद असल्याची वार्ता, नगरपालिकेतली भांडणे, हे सारे महिन्याला एक डॉलर न देता. केबलचे बिल दर वर्षी चढत चालले म्हणून तिकडे पुष्कळ लोक आता असे करतात.

त्याच्या बोलण्याने माझे कुतूहल चाळवले, आणि मी या विषयाची पुस्तके व कागदपत्रे मिळवून वाचू लागलो. त्यात मला आमचे आबा भेटले! एकदा नव्हे, तीनदा भेटले. १९४८ साली ऑरेगन राज्यातल्या अस्टोरिया गावी एड पार्सन्स नावाचा गृहस्थ राहत असे. त्याच्या पत्नीला दूरचित्रवाणी पाहायची हौस. पण जवळचे केंद्र सिअॅटलचे, सुमारे दोनशे किलोमीटरवर, मध्ये डोंगर. पार्सन्सने गावातल्या उंच हॉटेलच्या गच्चीवर अँटेना लावला, तिथून रस्त्यापलीकडच्या आपल्या घरात वायर आणली, आणि त्या वर्षी २५ नोव्हेंबरला चित्र मिळविले. मग शेजारी जमले, आणि पार्सन्स वायरीला फाटे काढून देऊ लागला. पेनसिल्व्हानियातल्या महानॉय सिटी या कोळशाच्या गावी जॉन वॉल्सन नावाचा दुकानदार होता. दरीत चित्र दिसेना म्हणून संच खपेनात. त्याने डोंगरमाथ्यावर काटा लावून वायर दुकानात आणली. हे आपण १९४८ च्या जूनमध्ये केले असे त्याचे म्हणणे. पण नोंदी आगीत गेल्या, म्हणून पहिला मान कुणाचा हा वाद आजही मिटलेला नाही. १९५० साली त्याच राज्यातल्या लॅन्सफर्डला रॉबर्ट टार्ल्टनने हाच उद्योग रीतसर उभा केला. अमेरिकेतली केबल ती हीच. जन्मतः केबल म्हणजे दरीतल्या लोकांनी मिळून लावलेला एक उंच अँटेना, दुसरे काही नाही.

तेथील सर्वोच्च न्यायालयानेही १९६८ साली असेच म्हटले : केबलवाला कार्यक्रम सादर करीत नाही, प्रेक्षकाचा अँटेना फक्त लांबवितो, म्हणून त्याने कार्यक्रमांच्या मालकांना पैसे देण्याचे कारण नाही. १९७६ च्या नव्या कायद्याने हे बदलले. तोवर केबलने दरीतून शहरात पाय पसरले होते, आणि जी वायर गरजेपोटी आली ती लोकांना सवयीपोटी हवीशी झाली. ज्यांच्या छपरावरून चित्रे फुकट जात होती, तेही तीच चित्रे पैसे मोजून घेऊ लागले. माझा भाचा राहतो ते गाव लॅन्सफर्डहून फार लांब नाही. पाऊणशे वर्षांत वर्तुळ पुरे झाले म्हणायचे.

ही झाली काट्याची कथा. पण काट्याने अर्धेच काम होते. लहर येते आणि जाते. साडेनऊला आलेली पावणेदहाला परत बोलावता येत नाही. आकाशाने दिलेले ठेवून घ्यायचे, तर दुसरे यंत्र हवे.

चित्र फितीवर नोंदविणारे पहिले उपयोगी यंत्र १९५६ च्या एप्रिलमध्ये शिकागो येथे अँपेक्स कंपनीने दाखविले. कपाटाएवढे धूड, किंमत सुमारे पन्नास हजार डॉलर, फीत दोन इंच रुंद. त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबरला सी.बी.एस.ने बातम्या नोंदवून पश्चिम किनाऱ्यावर तीन तासांनी दाखविल्या. हे यंत्र घरात यायला आणखी एकोणीस वर्षे लागली. १९७५ साली सोनीने बेटामॅक्स आणले, १९७६ साली जे.व्ही.सी.ने व्ही.एच.एस. काढले. लागलीच युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रपट कंपन्यांनी सोनीला कोर्टात खेचले. म्हणणे असे, की घरबसल्या कार्यक्रम नोंदविणे ही चोरी आहे, आणि सोनी चोरांना किल्ल्या विकते. १९८२ साली चित्रपटवाल्यांचा म्होरक्या अमेरिकन संसदेच्या समितीपुढे म्हणाला, की एकट्या बाईला गळा दाबणारा खुनी जसा, तसे आम्हाला हे यंत्र!

आठ वर्षे खटला चालला. खालच्या कोर्टात सोनी जिंकली, वरच्या कोर्टात हरली, आणि १७ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार अशा मतांनी जिंकली. न्यायालय म्हणाले, की फुकट दाखविलेला कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठी नोंदवून ठेवणे हा गुन्हा नव्हे. या निकालात एका शिक्षकवृत्तीच्या माणसाच्या साक्षीचा उल्लेख आहे. फ्रेड रॉजर्स हे मुलांसाठी कार्यक्रम करीत. ते साक्षीत म्हणाले, की आईबाप माझा कार्यक्रम नोंदवून ठेवून मुलांबरोबर सवडीने पाहत असतील तर मला त्यात वावगे वाटत नाही, उलट समाधानच वाटते. एका मताने वाचलेल्या या हक्काला एका मास्तराचा हातभार लागला, याचा मला अभिमान वाटतो. आमच्या जातीला न्यायालयात एरवी कोण विचारतो!

आता माझी स्वतःची गोष्ट सांगायला हवी. ती टाळावी म्हणूनच मी इतका वेळ अमेरिकेत रमलो होतो.

आमची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणे. तिच्याच मुलाने गिरणी घातली आणि गावातली जाती थांबविली; पण आजी पहाटे सवयीने पायलीभर दळायचीच. १९८८ साली मुंबईहून काही माणसे कॅमेरा घेऊन आली. तीन गावांतल्या बायकांच्या ओव्या त्यांनी चित्रित केल्या, त्यात आमची आजी होती. वीस मिनिटांचा तो कार्यक्रम एका संध्याकाळी दाखवला गेला, आणि नेमके त्याच वेळी आमच्याकडे वीज नव्हती. गाव अंधारात बसून राहिले. पण परळला माझे काका राहत. त्यांच्याकडे दुबईहून आलेल्या शेजाऱ्याकडून घेतलेला जुना व्हीसीआर होता. त्यांनी तो कार्यक्रम कॅसेटवर घेतला. त्यांच्या आईचे चालतेबोलते चित्र जगात तेवढेच.

पुढल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी काकांकडे गेलो. वय वर्षे दहा. दूरदर्शनवर क्रिकेटचा सामना होता. काका कामावर, काकू बाजारात. मला तो सामना गावी नेऊन मित्रांना दाखवायचा होता. गावी व्हीसीआर नाही, हे ध्यानात येण्याइतकी अक्कल नव्हती. कपाटातली पहिली कॅसेट घेतली, आत सारली आणि लाल खुणेचे बटण दाबले. या यंत्रात फीत आधी पुसणाऱ्या टोकाखालून जाते, मग नोंदणाऱ्या टोकाखाली. तेव्हा नवे उमटण्याआधी जुने नाहीसे झालेले असते. आपले गडी भराभर बाद होऊ लागले, तसा वैतागून मी बटण बंद केले. संध्याकाळी काका आले. कॅसेट लावून पाहिली. मला वाटले, आता थोबाडीत बसणार. त्यांनी कॅसेट काढली, खोक्यात घातली, कपाटात वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाले, "जेवलास का?" आजी १९९१ साली गेली. मूळ फितीचा माग पुढे मला कुठेच लागला नाही.

मोठेपणी या विषयावर वाचू लागलो, तेव्हा कळले की माझ्यासारखे अपराधी थोर थोर संस्थांत होऊन गेले आहेत. फीत महाग, म्हणून साठ-सत्तरच्या दशकांत जुने पुसून नवे नोंदविण्याची रीतच होती. ब्रिटनच्या बी.बी.सी.ने आपल्या गाजलेल्या 'डॉक्टर हू' मालिकेचे कितीतरी भाग असे गमावले. त्यांचा आवाज तेवढा उरला, तोही घरोघरच्या रसिक पोरांनी संचापुढे टेपरेकॉर्डर धरून नोंदविला म्हणून. अमेरिकन फुटबॉलचा पहिला मोठा अंतिम सामना १५ जानेवारी १९६७ ला दोन बलाढ्य जाळ्यांनी एकाच वेळी दाखविला; पूर्ण फीत दोघांनीही जपली नाही. अडतीस वर्षांनी ती बऱ्याचशा स्वरूपात सापडली, ती पेनसिल्व्हानियातल्याच शमोकिन गावी एका घराच्या माळ्यावर. तिथल्या एका नोकरदाराने ती कामाच्या जागच्या यंत्रावर उतरवून घेतली होती. न्यूयॉर्कच्या पॅली सेंटरने ती झाडूनपुसून पुन्हा पाहण्याजोगी केली.

आणि फिलाडेल्फियाच्या मॅरिअन स्टोक्स! या बाई पूर्वी ग्रंथपाल होत्या. १९७९ साली त्यांनी बातम्या नोंदवायला सुरुवात केली आणि २०१२ च्या डिसेंबरात मरेपर्यंत, रात्रंदिवस, एकाच वेळी अनेक यंत्रांवर नोंदवीत राहिल्या. दर सहा तासांनी कॅसेटी बदलाव्या लागत, म्हणून घरची माणसे जेवण अर्धे टाकून घरी धावत. लोक वेडी म्हणत. त्यांच्यामागे सुमारे सत्तर हजार कॅसेटी उरल्या. आज त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे आहेत, आणि जे जपायला कुणाला सवड झाली नाही, ते तेहतीस वर्षांचे दैनंदिन बोलणे इतिहासकारांच्या हाती आले आहे. राजांच्या बखरी दरबार लिहवून घेतो. लोकांची बखर मात्र अशीच कुणीतरी माळ्यावर टाकून ठेवलेली असते.

म्हणून मला वाटते, की काटा आणि नोंदपेटी ही नुसती करमणुकीची साधने नव्हेत. एक घेण्याचा हक्क आहे, दुसरा ठेवण्याचा. आणि हे दोन्ही हक्क एकत्र आले की मोठ्यांना धास्ती वाटते. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये एरिओ नावाच्या कंपनीने एक युक्ती काढली. ब्रुकलिनमध्ये नाण्याएवढे हजारो अँटेने लावले; ग्राहकाने त्यातला एक आणि एक नोंदपेटी भाड्याने घ्यायची आणि आपल्या भागातली फुकट केंद्रे घरी पाहायची. काटा आबांचा, टेकाड दुसऱ्याचे, एवढाच फरक. २५ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरविले, की ही केबलच आहे आणि बेकायदा आहे. काही महिन्यांत कंपनीचे दिवाळे वाजले. अलीकडे तिकडे प्रक्षेपणाची आणखी एक नवी पद्धत येत आहे, आणि तीत पुष्कळ केंद्रांनी लहरींना कुलूप घातले आहे. कुलूप उघडण्याची परवानगी नसलेल्या पेटीला ती नोंदता येत नाही. भाचा त्यावरून चिडलेला असतो. "मामा, हवेला कुलूप?" म्हणतो.

आपल्याकडे कुलुपाची वेळच आली नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यात, आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. त्या न्यायाधीशांत आपले पी. बी. सावंत होते. निकाल सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा. पण तोवर लोकांनी छपराकडे पाहणे सोडले होते. मुंबईच्या इमारतींत व्हीसीआरवरचे सिनेमे दाखविणारी वायर १९८० नंतर आली होती, १९९१ च्या आखाती युद्धाने परदेशी वाहिन्या आणल्या, १९९२ मध्ये झी आली. गावोगाव केबलवाला महिन्याचा पाहुणा झाला. दूरदर्शनने २००४ च्या डिसेंबरात महिन्याचे पैसे न घेणारी छत्री दिली, हे तिचे उपकार खरेच. पण छत्री तोंड करते ती दूर उपग्रहाकडे, गावच्या टेकडीकडे नव्हे. २०१६ साली मुंबई, औरंगाबाद अशा सोळा शहरांत नवे डिजिटल प्रक्षेपण आले, तरी ते घरोघर रुजले नाही, आणि २०२२ पर्यंत देशातले बहुतेक जुने मनोरे मुके झाले. लहरी सार्वजनिक झाल्या आणि झेलणाराच उरला नाही. अमेरिकेत गाव तिथे केंद्र होते, म्हणून काटा टिकला. आमच्या सिंहगडाला स्वतःचे असे बोलायचे काही दिलेच नव्हते. तो मुंबईचे ऐकून आम्हाला सांगे. गावाचे गावाला दाखविणारे केंद्र असते, तर आजीच्या ओव्या वर्षातून एकदा तरी लागल्या असत्या, आणि माझ्या एका बटणावर सारा भार पडला नसता.

काका करोनाच्या साथीनंतर वर्षभरात गेले. काकूंनी परळची खोली आवरली, तेव्हा मला बोलावून एक खोके हातात दिले. "यांनी तुझ्यासाठी ठेवलं होतं," म्हणाल्या. तीच कॅसेट. फितीवर पांढरी बुरशी चढलेली. पुण्यात एक गृहस्थ अशा फिती साफ करून संगणकावर उतरवून देतात, त्यांच्याकडे नेली. बुरशी चढलेली फीत तशीच यंत्रात घातली तर तुटते आणि यंत्रही बिघडते, म्हणून त्यांनी ती आधी वाळविली, पुसली, आणि मग फिरविली. आधी माझा सामना आला. गडी बाद होत गेले. मग एक खरखर, चित्र हलले, आणि आजीचा हात दिसला. खुंट्यावर धरलेला, फिरणारा. कार्यक्रमाचा शेवटचा दीड मिनिट मी वैतागून बटण दाबल्यामुळे वाचला होता. ओवीची अखेरची ओळ संपते, जाते थांबते, आजी कॅमेऱ्याकडे पाहून विचारते, "झालं का?" आणि संपते.

त्या गृहस्थांनी कॅसेट परत देताना तिची कड मला दाखविली. तिथे एक चिमुकला प्लास्टिकचा तुकडा असतो. तो मोडून टाकला, की त्या कॅसेटवर कुणालाही पुन्हा काही नोंदविता येत नाही. तो मोडलेला होता. ज्या संध्याकाळी त्यांनी मला जेवलास का म्हणून विचारले, त्यानंतर केव्हा तरी काकांनी तो मोडला असणार.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत माळा झाडाल, तेव्हा जुन्या कॅसेटी भंगारात टाकण्याआधी एकदा थांबा. बुरशी कुणाची वाट पाहत नाही, आणि फीत चालविणारी यंत्रे वर्षावर्षाला कमी होत आहेत. वरच्या पट्टीवर रामायण लिहिले असेल, पण शेवटी दीड मिनिट कुणाचा असेल सांगता येत नाही. मी तो दीड मिनिट आमच्या पाचवीच्या वर्गाला दाखविला. पुढच्या तासाला पुन्हा 'माझे घर' काढायला सांगितले. सहा-सात मुलांनी छपरावर माशाचा काटा काढला. त्या पहिल्या बाकावरच्या मुलीने मांजरही काढले.